नेकनूरचा वाघ चार दिवस गप्प

…आणि वर तो कंडक्टर मलाच विचारतो, "काय काका, पाव्हण्याकडं का?" आता काय सांगू त्याला? की बाबा, ज्या माणसाने तीन महिने मला चारचौघांत झोडपलं, ज्याचं खरं नाव मला माहीत नाही, तोंड कधी बघितलेलं नाही, तो जिवंत आहे की गेला ते बघायला चाललोय? तुम्हाला सांगतो, दुकानाला कुलूप, बाहेर पाटी 'तातडीच्या कामामुळे बंद', आणि मी नेकनूरच्या एसटीत खिडकीशी, मांडीवर डझनभर केळी! माणूस जिवंत असला तर भेट म्हणून द्यायची, आणि नसला तर… नसला तर केळी न्यायची असतात का हो? मला तेही सुचेना. माझं काय नडलं होतं?

मुळापासून सांगतो. मी बसवेश्वर. बीडला माझं सन्मानचिन्हांचं दुकान आहे. ढाली, कप, शाली, फेटे, पुढाऱ्यांनी उगारून फोटो काढायच्या तलवारी. आपल्याकडे माणसाचं रस्त्यावाचून भागतं, सत्कारावाचून भागत नाही, त्यामुळे दुकान बरं चालतं. मुलगी वर्षाराणी, लातूरला दिली, ती एकदा म्हणाली, "अप्पा, घरी गेलं की तुम्ही नुसतं भिंतीकडं बघत बसता. फेसबुकवर तरी या." तिनेच खातं उघडून दिलं. नाव दुकानाचंच टाकलं, 'शिवगंगा सन्मानचिन्ह'. शिवगंगा आमच्या मंडळींचं नाव. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तर ते असो.

इथपर्यंत ठीक होतं. मी लोकांच्या घरचे वाढदिवस बघायचो, शुभेच्छा द्यायचो, झोपायचो. पण मग आला युवा नेते बजरंगभाऊंचा वाढदिवस! दरवर्षी भाऊ कुस्त्यांचा फड भरवतात. यंदा काय? मोबाईल गेमची स्पर्धा! मंगल कार्यालयात, कूलर लावून, नवरा-नवरीच्या स्टेजवर भलामोठा पडदा, समोर शंभर पोरं माना खाली घालून, आणि नुसतं धाड धाड धाड गोळीबार! बरं, खेळा. पण पहिल्या नंबरला बक्षीस काय? चांदीच्या मुलाम्याची गदा! अहो, गदा! जिच्यासाठी पैलवान दहा वर्षं माती खातो, ती गदा अंगठे हलवणाऱ्याच्या खांद्यावर?

माझं डोकं सणकलं. मी 'आपला बीड जिल्हा' ग्रुपवर लिहिलं, "ही गदेची बेइज्जती आहे. तरुण हातात मोबाईल घेऊन बसलेला पुढाऱ्यांना बरा वाटतो, कारण मग तो हातात अर्ज घेऊन दारात येत नाही." वाक्य बरं आहे की नाही? सतरा जणांना आवडलं. मी खूश. आणि खाली तो आला. 'नेकनूरचा ढाण्या वाघ'. फोटोतसुद्धा वाघच. म्हणतो, "ओ शिवगंगाबाई, गदा कोणाच्या दुकानातून गेली ते बी लिवा की!"

काय सांगू… गदा माझ्याच दुकानातून गेली होती. मीच फडक्याने पुसून, कागदात गुंडाळून, वर "भाऊंना शुभेच्छा सांगा" म्हणून दिलेली. माझं काय नडलं होतं लिहायचं?

तिथून जे सुरू झालं! मी लिहावं, "मैदानं ओस पडली." त्याने लिहावं, "मैदानात तुमच्या पुढाऱ्याचं हेलिपॅड हाय, तिथं काय हुतूतू खेळू?" मी म्हणावं, "ज्या खेळात घाम येत नाही तो खेळ कसला?" तो म्हणतो, "लाईट गेल्यावर या, लई घाम येतो." आणि दरवेळी 'शिवगंगाबाई'! मी बाई नाही असं मी दोनदा लिहिलं. दोनदा पुसलं. आता खरं सांगू का… त्या नावाला दोन वर्षांत कुणी हाक मारली नव्हती हो. मारली ती या वाघाने, तीही भांडायला. म्हटलं, मारू दे.

आणि एके दिवशी माझा तोल गेला. मी लिहिलं, "तुमच्यासारख्यांनी कायमचं गप्प व्हावं, जिल्ह्यावर उपकार होतील."

आणि तो गप्प झाला.

पहिल्या दिवशी मी पाव किलो जिलेबी आणली. जिंकलो ना! एकट्याने खाल्ली. दुसऱ्या दिवशी लिहिलं, "काय वाघोबा, शेपूट घातलं का?" उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी मी भाऊंच्या गदेची मुद्दाम थोडी स्तुती केली, म्हटलं यावर तरी डरकाळी फोडेल. नाही! आणि चौथ्या दिवशी… आपल्या ग्रुपवर सकाळी सकाळी काय असतं? निम्मे वाढदिवस आणि निम्मे 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी एकेक श्रद्धांजली उघडून बघायला लागलो. हा असेल? याच्या मिशा तर वाघासारख्याच आहेत! हा? नाही, हा केजचा आहे. ओळखदेख नसलेल्या माणसांचे चेहरे बघत दुकानात बसलोय, समोर गिऱ्हाईक 'आदर्श सरपंच' अशी ढाल मागतंय, आणि मी त्याला 'कैलासवासी सरपंच' लिहून दिली. कसला चिडला तो!

आपण एखाद्याला शेवटचं काय बोललो, ते नंतर किती दिवस ऐकू येत राहतं, याचा अनुभव मला एकदा आलेला आहे. दुसऱ्यांदा नको होता. म्हणून ती केळी.

नेकनूरला उतरलो. स्टँडसमोर चहाचं हॉटेल. मालक मुंजाजी. मी विचारलं, "इथे ढाण्या वाघ कुठे राहतात?" तो शांतपणे म्हणतो, "कोन्ता? एक वाघ सोसायटीचा चेअरमन हाय, एक वाघ दोनदा धाव्वी नापास हाय, आन् एक त्यो बघा, मागं बॅनरवर हाय." मी म्हटलं, "जो फेसबुकवर भांडतो, तो." "हां, मग आश्रुबा! पर त्यास्नी काय झालंय, तुमाला कळलं न्हाई व्हय?"

मी विचारलं, "काय झालं?" म्हणतो, "जावा की. बघालच." अरे बाबा, सांग ना! नाही. "मारुतीच्या मागं घर हाय, जावा." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला चहा गाळायला लागला. माझं काय नडलं होतं, सांगा बरं!

घर सापडलं. दारात चपलांचा हा ढीग! असा ढीग आमच्या दारात दोन वर्षांपूर्वी पडला होता, ते सोडा. मी केळी पाठीमागे लपवली. आत डोकावलो… तर अंगणात पंधरा बाया पापड लाटायलेल्या, खिदळायलेल्या, आणि लिंबाखाली बाजेवर एक म्हातारा, उजव्या हाताला भोपळ्याएवढं बँडेज, मोबाईल मांडीवर ठेवून त्याच्याकडे रागाने बघत बसलेला!

मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी दारातूनच ओरडलो, "अहो, तुम्ही जिवंत आहात!"

पंधरा लाटणी थांबली. म्हातारा म्हणतो, "मग? तुमाला काय मरायचा वायदा दिलता का?"

वाघच! शंकाच नाही! वाक्य ऐकून डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा फाळका लावताना अंगठा चेंगरला होता, बाकी सगळा वाघ शाबूत. मी घाईघाईने सांगून टाकलं, "मी बीडचा… शिवगंगा." तशी पापडाच्या पाटापासून एक बाई उठली. ही सत्यभामाबाई, वाघीण. हातात लाटणं. "शिवगंगा? तीच ती भवानी! तीन म्हैने ह्या म्हाताऱ्याला जेवन ग्वाड लागंना तिच्याबिगर. म्हनला, माजा अंगठा मोडला, तू उत्तर लिव. म्या म्हनलं, चौथी शिकलेय, पर त्या बाईला एक अक्षर लिवनार न्हाई! कुटं हाय ती?"

मी म्हटलं, "मीच."

तुम्हाला सांगतो, बाया अशा हसल्या, अशा हसल्या, एकीचा पापड जाऊन म्हाताऱ्याच्या बाजेखाली पडला! मी सांगतोय, "नाव आमच्या मंडळींचं आहे, दुकानाला दिलंय." सत्यभामाबाई डोळे पुसत म्हणते, "आवो, मग त्यास्नी संगं आनायचं की!" मी केळी पुढे केली. ती माझ्याकडे बघत राहिली, मग लाटणं खाली ठेवलं, आत गेली, आणि चहा घेऊन आली. साखर दुप्पट होती.

मग आम्ही समोरासमोर. मी म्हटलं, "आश्रुबा, या वयात तुम्हाला त्या गेमचं एवढं काय?" म्हणतो, "म्या सोता खेळतो. रानात राखनीला बसल्यावर काय करावं? सायेब, त्या खेळात मानूस पडलं की लगीच मरत न्हाई. रांगत ऱ्हातं. जोडीदारानं येळेत येऊन उटिवलं तर उटतं. माजा जोडीदार केरळचा कुनी हाय. त्याची भाषा मला न्हाई, माजी त्याला न्हाई. पर म्या पडलो की पळत येतो बगा! गोळ्या चालू असल्या तरी येतो."

माझ्याकडे गदेवर तीन मुद्दे तयार होते. मी चहा प्यायलो.

आणि मग म्हातारा पुढे सरकला. "आता आलाच हायेत, तर एक काम करा. चार दिसाचं उत्तर पोटात साचलंय. जीव नुसता गुदमरायलाय. लिवा." मी म्हटलं, "कुणाला?" "कुनाला म्हंजी? तुमाला!"

अहो, मी लिहिलं! त्याचा मोबाईल, माझे अंगठे! तो सांगतो, "शिवगंगाबाई, तुमाला अक्कल न्हाई." मी म्हटलं, "हे पुचाट आहे, आश्रुबा. असं म्हणा, तुमची अक्कल तुमच्या ढालींसारखी आहे, वरून झगमग, आत थर्माकोल." तो उडालाच. "आयला! आत थर्माकोल असतंय?" म्हटलं, "असतंय. लिहू का?" "लिवा, लिवा!"

परतीची एसटी मांजरसुंब्याला येईपर्यंत दोनशे चाळीस लोकांना आवडलं. मला जन्मात सतरा! लातूरहून वर्षाराणीचा फोन, "अप्पा, पार हरलात हो तुम्ही! काय लिहितो तो वाघ! मीसुद्धा लाईक केलं."

डॉक्टरने दीड महिना अंगठा हलवू नको म्हणून सांगितलंय. त्यामुळे आता दर गुरुवारी मी नेकनूरला. सत्यभामाबाई भाकरी टाकून ठेवतात, कंडक्टर विचारतसुद्धा नाही, नेकनूरचंच तिकीट फाडतो. जातो, जेवतो, स्वतःला झोडपतो, येतो. काल म्हटलं, बास, आता त्या वाघाला चांगलं सणसणीत उत्तर द्यायचंच. बसलो. तासभर बसलो… सुचेना हो! जे काय चांगलं सुचलं होतं, ते सगळं तिकडेच लिहून आलो होतो.