गाडीचं तोंड कुठे?

रोझलिन : आणि नगरपालिकेच्या त्या नव्या पार्किंगमध्ये तिन्ही रात्री एकही गाडी आली नाही?

ग्रँट : एकही नाही, मिस रोझ. बावीस जागा, दोन शौचालयं, नळ, पहारेकरी, सगळं फुकट. पहारेकरी बिचारा माशा मारत बसला होता.

रोझलिन : मग नगरपालिका काय म्हणते?

ग्रँट : म्हणते, गाडीत झोपणाऱ्यांना सोय नकोच आहे. मंगळवारी सभेत नगरसेवकांचं मतदान. आकडा शून्यच राहिला तर योजना गुंडाळणार. या योजनेसाठी मी सहा शहरं पालथी घातली, नव्वद पानांचा अहवाल लिहिला.

रोझलिन : आणि एक तारखेपासून वाचनालयाच्या या आवारातही रात्री गाडी लावायची नाही. म्हणजे मी जायचं कुठे?

ग्रँट : म्हणूनच आलो. तुम्ही दोन वर्षं गाडीत राहताय. तुम्हीसुद्धा का नाही आलात?

रोझलिन : आले होते की, फाटकापर्यंत. पाटी वाचली आणि परत फिरले.

ग्रँट : कुठली पाटी?

रोझलिन : 'गाडीचं तोंड भिंतीकडेच.' ही अक्कल कोणाची?

ग्रँट : माझी. म्हणजे, अहवालातली.

रोझलिन : तिसरीत असताना माझ्या बसच्या पायरीवर ओकला होतास, तेव्हाही असाच चेहरा झाला होता तुझा.

ग्रँट : ते आता कशाला काढता?

रोझलिन : बरं, माझी गाडी बघ. कशी लावलीय?

ग्रँट : तोंड रस्त्याकडे.

रोझलिन : त्या निळ्या गाडीतल्या जोडप्याची? पलीकडच्या म्हाताऱ्याची?

ग्रँट : सगळ्यांचीच तोंडं रस्त्याकडे आहेत.

रोझलिन : काचेवर टकटक झाली, की उशाखालची किल्ली काढायची आणि सुटायचं. कोण आहे, काय हवंय, विचारत बसायचं नाही. गाडी मागे घेत बसलं तर तेवढ्यात कोणीतरी आडवं येतं. भिंतीकडे तोंड करून मला झोप यायची नाही, पोरा. इथे कोणालाच यायची नाही.

ग्रँट : नव्वद पानांत हे कुठेच नाही.

रोझलिन : एक रात्र गाडीत काढली असतीस, तर पहिल्याच पानावर आलं असतं. पण असला नियम आणला कुठून?

ग्रँट : ॲरिझोनातल्या एका शहराचा, जसाच्या तसा उचलला. पहारेकऱ्याला गाडीचा नंबर वाचता यावा म्हणून.

रोझलिन : अरे, ॲरिझोनात नंबरप्लेट फक्त मागे असते.

ग्रँट : आणि आपल्या ऑरेगनमध्ये...

रोझलिन : पुढेही आणि मागेही. तोंड कुठेही असलं तरी नंबर दिसतोच. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलीय मी.

ग्रँट : मंगळवारी हे तुम्हीच सांगा. बोलायला तीन मिनिटं मिळतात.

रोझलिन : मी नाही. तिथे अर्जावर पत्ता लिहावा लागतो. माझ्या नवऱ्याच्या, डेव्हिडच्या आजारपणाच्या खर्चात घर गेलं, हे तुझ्याशिवाय गावात कोणाला माहीत नाही. मुलीकडे राहते, असंच सांगते मी. अर्ध्या गावाची पोरं मी शाळेत पोचवलीत, ग्रँट. लाज वाटते मला.

ग्रँट : अर्ध्या गावाची पोरं पोचवलीत, म्हणूनच तुमचं ऐकतील.

रोझलिन : बघते. केस तरी धुवायला हवेत.

(तीन आठवड्यांनंतर, सकाळी. नगरपालिकेच्या पार्किंगचं फाटक.)

ग्रँट : बावीसच्या बावीस भरल्या, मिस रोझ. वर चार जण नाव लिहून गेलेत.

रोझलिन : आणि पाटी?

ग्रँट : मी स्वतः उखडली. खरं सांगू? त्या मंगळवारी पत्त्याच्या रकान्यात तुम्ही गाडीचा नंबर लिहिलात आणि महापौरबाईंनी तो मोठ्याने वाचला, तेव्हा वाटलं, संपलं सगळं.

रोझलिन : मलाही वाटलं. मग म्हटलं, बाई, तुमच्या दोन्ही मुली माझ्या बसने जायच्या. कधी एक दिवस तरी घरी उशिरा आणलं का?

ग्रँट : आणि त्या म्हणाल्या, एकदाही नाही.

रोझलिन : मग सातच्या सात नगरसेवकांचे हात वर. सगळं सभागृह उभं राहिलं, आणि तू रडत होतास. खिशात रुमालसुद्धा नव्हता.

ग्रँट : तुम्हीही रडत होतात.

रोझलिन : माझ्याकडे रुमाल होता.

ग्रँट : एक विचारू? इथल्या एकवीस गाड्यांची तोंडं फाटकाकडे आहेत. तुमचीच तेवढी भिंतीकडे. चुकून लावलीत का?

रोझलिन : एकतीस वर्षांत मी गाडी चुकून कधी लावली नाही.

ग्रँट : मग?

रोझलिन : थांब जरा, हे सामान धर. रात्री किल्ली कुठे ठेवली, तेच आठवत नाहीये.