शेवटची सोळा पानं

नाही, मला एक सांगा, माणसाने अकरा वर्षं खपून एक खून करायचा... म्हणजे कागदावर हो, दचकू नका... अकरा वर्षं खपून एक खून करायचा, त्याचा एकेक धागा जुळवायचा, आणि कुठल्यातरी दातांच्या डॉक्टरने येऊन पेन्सिलीने खरडायचं, की 'सुळ्यांचं वर्णन शास्त्राला धरून नाही, पण शेवट जबरदस्त'? सुळे? अहो, माझ्या कादंबरीत सुळे नाहीत. माझ्या कादंबरीत पाण्याचा मीटर आहे. पण हे ग्रंथपालबाईंना सांगायला गेलं की त्या चष्मा नाकावर सरकवतात आणि आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणतात, "वाचकांचं मत आहे हो. मान ठेवायला हवा."

तुम्हाला सांगतो, हे मत नावाचं प्रकरण आमच्या वाचनालयाने डोक्यावर चढवून ठेवलंय. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला एक लांब चिठ्ठी चिकटवलेली असते, वर छापलेलं 'वाचकांचे अभिप्राय', आणि टेबलाला दोरीने बांधलेली पेन्सिल. पुस्तक परत करताना दोन ओळी लिहायच्या. इथपर्यंत ठीक. पण नियम काय, तर ज्या पुस्तकावर तीन वर्षांत एकही अभिप्राय पडला नाही, ते रद्दीत. मग ते ज्ञानेश्वर असो नाहीतर... नाही, मोठ्यांची नावं नकोत, माझंच घ्या. माझं एकच पुस्तक. एकच. वाचनालयात त्याची प्रतही एकच. आणि तिच्या चिठ्ठीवर अडीच वर्षांत काय होतं? एक चहाचा डाग. एवढाच अभिप्राय.

नाही, खोटं कशाला बोलू, एक होता. 'अप्रतिम. पुन्हा पुन्हा वाचावी अशी.' तो मीच लिहिला होता. डाव्या हाताने. ग्रंथपालबाईंनी तो खोडरबराने पुसला आणि मला म्हणाल्या, "उजव्या हाताला लागलंय का काही?" यावेळी मात्र मान ठेवायला हवा वगैरे काही नाही हं.

मी पाणीपुरवठा खात्यात आहे. मीटर तपासतो. बावीस वर्षं. मीटर उघडायचा, काच पुसायची, आतली इवली इवली चक्रं ब्रशने साफ करायची, मग मोजून पाणी सोडायचं आणि काटा खरं बोलतोय का ते बघायचं. कुणाला यात गंमत वाटत नाही, मला वाटते. कारण माणूस खोटं बोलतो, शेजारी खोटं बोलतात, मीटर बोलत नाही. त्यावरच मी रहस्यकथा रचली. बंद घर. एकटा राहणारा डॉक्टर. दुपारी खून. रक्ताचा थेंब नाही. सगळ्यांची साक्ष चोख. आणि मीटर चारशे लिटर पुढे! कोणी वापरलं चारशे लिटर पाणी? कशाला वापरलं? फरशी धुवायला. कोणी धुतली? कंपाउंडरने. शेवटची सोळा पानं नुसता उलगडा, थेंबाथेंबाचा हिशोब. मी ती पानं सात वेळा लिहिली. सात!

आणि ती कोणी वाचली? आमच्या घरात तरी कोणी नाही. बायकोला पहिली प्रत दिली, फुलासकट दिली. ती म्हणाली, "वाचते हं." चार वर्षं झाली, वाचतेच आहे. आणि या चार वर्षांत हिने काय काय संपवलं विचारा. व्हॅम्पायर. व्हॅम्पायरचा भाऊ. व्हॅम्पायरच्या भावाची मनाविरुद्ध केलेली बायको. आणि ते दुसरं काय ते, डार्क रोमान्स. त्यात नायक असतो म्हणे. सात खून केलेले असतात, नायिकेला तळघरात कोंडतो, तिचा फोन फोडतो, आणि आमची ही चिठ्ठीवर लिहिते, 'वरून कठोर पण आतून किती हळवा. पाच तारे.' आतून हळवा? अहो, मी ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून या बाईने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. मी तिला म्हटलं, "टॉवेल टाकणारा चालत नाही आणि तळघरात कोंडणारा चालतो?" तर पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणते, "तो आधी परवानगी विचारतो."

वाचकाचं मत आहे. ठेवा मान.

तर झालं काय, वाचनालयात वरचा नळ फुटला. आमच्याच खात्याचं पाणी, कोणाला बोलणार. नेमकं माझं कपाट भिजलं. ग्रंथपालबाईंनी रहस्य, डार्क रोमान्स आणि व्हॅम्पायर असं सगळं एकाच कपाटात कोंबलंय, वर पाटी 'भीतीदायक व इतर'. मी 'इतर'मध्ये. भिजलेली पुस्तकं बाइंडरकडे गेली, तीन आठवड्यांनी नवे पुठ्ठे घालून परत आली. आणि मग, तुम्हाला सांगतो, चमत्कार. माझ्या चिठ्ठीवर मतं! एक नाही, दोन नाही, महिन्याभरात एकोणीस! खाली जागा पुरेना म्हणून बाईंनी दुसरी चिठ्ठी जोडली. माझं पुस्तक हवं म्हणून रांग लागली. मी ऑफिसातून निघताना वाट वाकडी करून वाचनालयावरून जायला लागलो. लोक वळून बघायचे. एक कॉलेजची मुलगी चक्क थरथरत म्हणाली, "काका, तुम्ही इतके साधे दिसता!"

मला वाटलं, आले. उशिरा आले, पण वाचक आले.

आणि एके संध्याकाळी घरी गेलो, तर आमची ही दारात. हातात माझं पुस्तक. वाचनालयातून आणलेलं, म्हणजे घरात फुलासकट पडलेलं नाही, रांगेत उभं राहून आणलेलं. माझ्याकडे अशी बघत होती... कसं सांगू, लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं तिने माझ्याकडे फक्त मी एकदा पाल मारली तेव्हा बघितलं होतं. म्हणाली, "अहो... हे तुम्हाला सुचलं?" मी म्हटलं, "सुचलं म्हणजे, अभ्यास आहे." ती म्हणाली, "तो शेवट वाचताना माझ्या अंगावर काटा आला हो." मला इतका आनंद झाला ना, खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "चारशे लिटरचं कळलं ना तुला?" ती म्हणाली, "कसले चारशे लिटर? तो तिच्या मानेवर दात ठेवतो ते."

मी पुस्तक हिसकावलं. दोनशे आठ पानं माझी. दोनशे आठव्या पानावर शेवटची ओळ माझी. सगळ्यांना खोलीत जमवून तपास अधिकारी म्हणतो, 'खुनी याच खोलीत आहे, आणि त्याचं नाव आहे...' पान उलटलं. '"नाव विचारू नकोस. तीनशे वर्षांत ते मी स्वतःच विसरलोय," असं म्हणून त्याने आपले लखलखते सुळे बाहेर काढले.' आणि पुढे सोळा पानं माझा तपास अधिकारी, बावीस वर्षं निष्कलंक नोकरी केलेला माणूस, डॉक्टरच्या विधवा बहिणीचं रक्त पितोय! आणि तीही म्हणतेय, 'आणखी.'

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि बाइंडरच्या दुकानात. खळीचा वास, सुया, दोरे, चहूकडे उसवलेली पुस्तकं. त्याने शांतपणे दोरा चावून तोडला आणि म्हणाला, "साहेब, फर्मा बदलला असेल." फर्मा म्हणजे सोळा पानांचा जुडगा, असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. "त्या व्हॅम्पायरचीही पानं दोनशे चोवीस, तुमचीही दोनशे चोवीस. कागद एक, आकार एक. दोन्हींचा शेवटचा फर्मा दोनशे नऊपासून. मी आकडे बघून शिवतो साहेब, वाचत नाही." मी म्हटलं, "वाचत का नाही?" तर म्हणतो, "वाचायला लागलो तर शिवणार कधी?" बरं, निदान हा एक माणूस भेटला ज्याला मत नाही. तर जाता जाता म्हणाला, "पण माझ्या बायकोने वाचलं. शेवट आवडला तिला."

मी ठरवलं, आता सत्य बाहेर काढायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयात वाचकसभा असते. सव्वीस खुर्च्या, चोवीस वाचक, एक पंखा. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आज आपले लाडके लेखक दोन शब्द बोलतील." टाळ्या. मी घरची प्रत घेऊन उभा राहिलो. म्हटलं, "मित्रहो, तुम्हाला आवडलेला शेवट माझा नाही. बांधताना चूक झाली. खरा शेवट मी आता वाचतो." आणि वाचला. सोळाच्या सोळा पानं. मीटर, चक्रं, चारशे लिटर, सगळं. सहाव्या पानाला दातांच्या डॉक्टरने जांभई दिली, आणि त्यांचे सगळे दात मला दिसले. दहाव्या पानाला कोणीतरी पंख्याचा वेग वाढवला. आमची ही पहिल्या रांगेत, पर्समध्ये काहीतरी शोधत होती. सोळा पानं शोधत होती.

संपलं. मग दातांचे डॉक्टर उठले. "लेखकांचा आदर राखून बोलतो, पण हा भाग पुस्तकाशी जुळत नाही. पहिल्यापासून तपास अधिकारी दिवसा बाहेर पडत नाही, कोणाकडे जेवत नाही, आरशात बघत नाही. तो व्हॅम्पायर आहे हे उघड आहे." अहो, तो जेवत नाही कारण त्याला पित्त आहे! चौथ्या पानावर लिहिलंय! पण ऐकतो कोण? वाचनालयाच्या प्रतीत कोणा भल्या माणसाने पूर्वी सातव्या पानावर पेन्सिलीने 'खुनी कंपाउंडर' असं लिहून ठेवलं होतं. तेव्हा मला त्याचा गळा दाबावासा वाटला होता. आता म्हटलं, देव पावला, हा पुरावा. ते पान उघडून दाखवलं, तर त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'चूक. नीट वाचा.'

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मत घेऊ या." खरा शेवट सुळ्यांचा की मीटरचा? हात वर करा. सुळ्यांना तेवीस. मीटरला एक, तो माझा. आणि त्या तेवीस हातांत एका मनगटावरचं घड्याळ माझ्या ओळखीचं होतं. मीच आणलं होतं, पंचविसाव्या वाढदिवसाला... लग्नाच्या हो. बाई मला हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या घरच्या प्रतीत बांधणीची चूक दिसते. बाइंडरकडे टाका, नीट करून देईल." मी म्हटलं, "बाई, मी लिहिलंय ते!" चष्मा नाकावर. "वाचकांचं मत आहे हो."

सगळे चहाला उठले. मी तिथेच बसलो. मग आठवलं, माझी सोळा पानं गेली कुठे? त्या व्हॅम्पायरमध्ये. मी इतके दिवस तेच मागत होतो, पण ते कायम बाहेर. आज परत आलेलं, टेबलावरच होतं. उघडलं. दोनशे आठवं पान. नायिका डोळे मिटून म्हणते, 'माझं रक्त पी. पण आधी तुझं नाव सांग.' दोनशे नऊ. '"कंपाउंडर. आता सगळ्यांनी शांत बसा आणि मीटरकडे लक्ष द्या."'

म्हणजे माझा शेवट लोक वाचत होते. दुसऱ्याच्या नावाने का होईना, वाचत होते! मी घाईघाईने मागची चिठ्ठी काढली. 'शेवटी नायक प्लंबर का होतो?' 'पैसे परत द्या.' 'चुंबनाच्या जागी चारशे लिटर. निषेध.' मी एकेक ओळ गिळत खाली आलो, आणि एका ओळीवर थांबलो. ते अक्षर मी रोज फ्रिजवर बघतो. 'गॅस संपत आलाय, फोन करा' हे त्याच अक्षरात असतं. खाली तारीख, तिने माझं पुस्तक वाचलं त्याच्या महिनाभर आधीची. म्हणजे तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. लिहिलं होतं, 'दोनशे आठ पानं एका बैठकीत वाचली. पुढे व्हॅम्पायर एकदम आमच्या ह्यांच्यासारखा बोलायला लागतो. हे मी घरी रोज ऐकते, म्हणून सोडून दिलं.'

आता काय म्हणू? राग आला. खूप आला. आणि वाईटही वाटलं, लपवत नाही. पण मला सांगा, चार वर्षं जिने माझं एक पान उघडलं नाही, तिने दुसऱ्याच्या पुठ्ठ्यात, दुसऱ्याच्या नावाखाली, सुळेवाल्याच्या तोंडून मला ओळखलं की नाही? पहिल्या ओळीत ओळखलं! बाकीच्या बावीस जणांपैकी कोणाला जमलं?

तेवढ्यात दारातून हाक आली. "अहो, चहा गार होतोय, किती वेळ?" म्हटलं, आलोच. वाचकाचं मत आहे, मान ठेवायला हवा. दोरीची पेन्सिल ओढली, डाव्या हातात धरली, आणि तिच्या ओळीखाली लिहिलं, 'सहमत.'