गवर कशाच्या पायानं आली?

हसायचं न्हाय हां, आधीच सांगते. गेल्या वर्षी मी नर्स म्हणून मलावीतल्या एका खेड्यात सेवेला गेलते, तवा गौरी-गणपती तिकडंच आले. उचगावात आई एकटीच. म्हटलं, आपणबी हितं गवर आणू. तांब्यात रानफुलं घातली आन् विहिरीवरनं खोलीकडं आले. संगं स्वयंपाक करणारी ग्रेस होती.

दाराशी थांबले. आता आतल्या बाईनं विचारायला पायजे की, पण खोलीला तर कुलूप!

तेवढ्यात आतनं आवाज आला, "गवर कशाच्या पायानं आली?"

चक्क मराठीत. ग्रेसनं माझा दंड घट्ट धरला. "आत कोण आहे?"

माझ्या तोंडातनं कसंबसं निघालं, "सोन्याच्या पायानं."

कुलूप काढलं. आत कोण बी न्हाय.

लगेच आईला फोन लावला. मी काय सांगायच्या आधी तीच म्हणाली, "यंदा गवर आणायला घरात कोण न्हाय. तरी सवयीनं रिकाम्या दाराकडं बघून विचारलं बघ."

"मग?"

"मग काय? बाहेरनं तूच बोललीस की, सोन्याच्या पायानं."