दोन पट्ट्यांच्या मधला सूर

छे, छे, वाईट कुठे म्हणालो मी? चाल सुंदर आहे – सुंदर आहे म्हणूनच म्हणतोय, पुन्हा एकदा म्हणा. मघाशी मी नुसता ऐकत होतो, आता खाली पियानो धरतो. घाबरू नका हो, तुम्ही तुमचं गा, मी आपला मागे मागे येतो – संगीत-संयोजकाचं कामच ते, मागे मागे यायचं. बसा, त्याच खुर्चीवर बसा. डुगडुगते, पण पाडत नाही कुणाला. आणि त्या आतल्या दाराकडे बघू नका सारखं. माझा धाकटा भाऊ आहे आत. त्याला माणसं सोसत नाहीत, दार लावून बसतो आपला आपण. हं. म्हणा.

वा. वा, बाई! ती जागा – दुसऱ्या ओळीच्या शेवटी गंधारावर थांबता ना, ती – सगळी चाल त्या एका सुरावर उभी आहे. कोमलही नाही तो, शुद्धही नाही. बघा, ही काळी पट्टी, ही पांढरी, आणि तुमचा सूर या दोघींच्या मधल्या फटीत. पियानोत नाहीच तो! कुठे सापडला तुम्हाला? आईच्या उशाशी? दवाखान्यात... ती कण्हायची तो सूर. अरेरे. आणि आई आता –? हं. असं झालं होय. म्हणजे आईचा आवाज म्हणून तेवढाच उरलाय तुमच्याजवळ. जपायला हवा, फार जपायला हवा. फोनमध्ये करून ठेवली असेलच चाल? नाही? लिहूनही नाही? कच्ची चाल यंत्राला ऐकवायची नाही, गळ्यातच पिकू द्यायची – बरोबर, बरोबर, चांगल्या घरच्या गवयांची हीच खोड. धाकट्यालाही होती. सगळं गळ्यात ठेवायचा. मी म्हणायचो, अरे, गळा म्हणजे काय तिजोरी आहे का? – पण परवा तुमचं ध्वनिमुद्रण, वादक सांगून ठेवलेत, तेव्हा बोलण्यात वेळ घालवायला नको. तुम्ही सुरुवातीच्या दोन ओळी नुसत्या गुणगुणत राहा, थांबू नका, मी खालचे सूर शोधतो.

तुम्ही दारातच म्हणालात ना – मी चाली करते, तुम्ही त्या सजवता. हसून म्हणालात, पण म्हणालात. राग नाही हो, सगळेच म्हणतात. रचनाकार म्हणजे आई-बाप आणि आम्ही काय, शिंपी! – गुणगुणा, गुणगुणा, मी बोलतोय म्हणून थांबू नका – पण मला सांगा, चाल सुचते यात तुमचं कर्तृत्व काय? शिंक येते, जांभई येते, तशी येते. बसल्या जागी येते. मग ती माणसांत नेण्याजोगी कोण करतं? व्हायोलिनं कुठे शिरतील, बासरी कुठे गप्प बसेल, कुठल्या सुराखाली कुठला सूर गेला की ऐकणाऱ्याच्या पोटात तुटेल – हे कोण ठरवतं? आणि नाव कुणाचं? धाकटा मला तोंडावर म्हणायचा, दादा म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. माझ्या घरात राहून, माझं खाऊन! मला चाली सुचल्या नसत्या का? ढीगभर सुचल्या असत्या. वेळच नाही मिळाला. म्हणजे – एखादी सुचली होती लहानपणी. नंतर कळलं, तीही धाकट्याचीच होती, पलीकडच्या खोलीत तो गात होता. – हसलात? नाही ना? मला वाटलं हसलात.

तर हे असं बसवतो. ऐका, इथे डावा हात जड, आणि तुमच्या त्या जागेखाली भरघोस शुद्ध गंधार. कसं उजळलं, पाहिलंत? आवडलं ना? आवडणारच, सगळ्यांना आवडतं. आता तिसऱ्यांदा म्हणा, मोकळेपणी. – वा! काही कळलं? नाही कळलं? तुम्ही आत्ता शुद्ध गंधार गायलात. माझा. सरळ पांढऱ्या पट्टीवर येऊन उभ्या राहिलात. घ्या, मी हात काढून घेतो, पियानो बंद. तुमचा तुम्ही लावून बघा... नाही, हा कोमल झाला. हा तर फार खाली. हा पुन्हा माझाच. सावकाश, बाई. पाणी देऊ? रडू नका, रडण्यानं गळा बसतो.

असं होतंच. आधाराला एकदा ठाम सूर मिळाला की कान तिकडेच वळतो, कानाला कष्ट नको असतात. धाकट्यालाही मी असाच आधार द्यायचो, बोट धरावं तसा. वेगळा होतो म्हणाला, दुसरा संयोजक बघतो म्हणाला – मी म्हटलं, बघ की. जाण्याआधी तुझ्या सगळ्या चाली एकदा वाजवून घेऊ, एवढंच म्हटलं. सकाळी बसलो, संध्याकाळपर्यंत वाजवलं, पुन्हा पुन्हा वाजवलं, मायेनंच वाजवलं. त्यानंतर तो तोंड उघडायचा आणि अर्ध्या ओळीवर अडकायचा. डॉक्टर म्हणाले मनाचा आजार. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं! आणि चाली काही वाया गेल्या नाहीत, सगळ्या माझ्याजवळ नीट आहेत, लोक ऐकतात, डोळे पुसतात. तुमचीही राहील. ही सुधारलेली चाल आता तुमच्या नावावर काय आणि माझ्या काय – गाणं एकच ना! आईचा सूर म्हणता, तर तो कण्हण्याचा सूर होता हो. विसरलात तर सुटलात, असं समजा.

काय? कुठे? मला नाही ऐकू आलं काही. आतून? छे, तो गात नाही, सांगितलं ना, अर्ध्या ओळीवर – थांबतो की आता. थांबेल. दुसरी ओळ... ही तर तुमचीच. भिंतीतून ऐकली वाटतं मघाशी, पहिल्यांदा म्हणालात तेव्हा. पियानो नव्हता तेव्हा. अरे, थांब! धाकट्या, थांब म्हणतो ना! – बाई, त्याचं ऐकू नका, इकडे ऐका, हा बघा गंधार, हा, हा, हा! माझ्याकडे बघा! कुठे निघालात? खाली बसा. ते दार उघडायचं नाही. लोकांच्या घरातली दारं – हो, कडी बाहेरून आहे. असते काही दारांना बाहेरून. त्याच्या भल्यासाठीच – हात काढा तिच्यावरून. हात काढा म्हणतो ना...

लागला त्याला तुमचा तो मधला सूर.