गाणं लावण्याआधीच

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा आठवीतच सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

पुण्याहून माझा आतेभाऊ नितीन भिलाईला आमच्याकडे आला, तो दोन महागडे हेडफोन घेऊन. दोन्ही मागून बंद, बाहेरचा आवाज आत येऊ न देणारे. त्यातला एकच त्याला ठेवायचा होता. मी दोन्ही ऐकून सांगितलं, "पहिल्याचा आवाज साफ आहे, पण कान दाबते. दुसरा मऊ आहे."

"मामा, आता तुम्ही सांगा," म्हणत त्याने दुसरा बाबांच्या कानांवर चढवला. बाबांची सगळी नोकरी रसमड्याच्या एका रोलिंग मिलमध्ये, लोखंडाच्या खणखणाटात गेली. त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली.

थोड्या वेळाने नितीनने हेडफोन काढून मोठ्याने विचारलं, "कसा वाटला आवाज?"

"लय मस्त! एकदम साफ."

नितीन हसत सुटला. "मामा, गाणं तर अजून लावलंच नाही!"

तो हसतो म्हणून बाबाही हसले. आईचा चेहरा मात्र उतरला. हाक मारली तरी ओ देत नाहीत म्हणून ती रोज त्यांच्यावर चिडायची.

मी बाबांच्या कानाशी जाऊन विचारलं, "मिलमध्ये कानाले लावाले काही देत नव्हते का?"

"कापूस घालत होतो न. कावून?"

आता त्याच मिलमध्ये मी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी धीर करून मी सुपरवायझरला विचारलं, कानांवर लावायला काही मिळेल का.

तो म्हणाला, "क्यों, काम हाथ से करता है कि कान से?"