जोडावरचा अंगठा

—एका हातानं काय ओततेस गं, प्यो? दोन्ही हात लाव! थोरल्याचा पेला आहे, सरकारी वकील झालीस म्हणून रीत सुटली का? हं, अस्सं. आणि अंगठ्याला लाल काय लागलंय? कोबीची तिखट किमची कालवून आलीस की काय? अगं लपवू नकोस, गंमत केली. सार घे. केंड मासाच आहे, पण घाबरू नकोस, या खानावळीच्या बाई वीस वर्षं त्याचं विष काढून शिजवतायत आणि मी अजून आहे ना जिवंत? तो लिफाफा राहू दे बाजूला. काय आहे त्यात ते कळलंय मला. पान चार, नवं छापलेलं— हो ना? नाही बोलायचं, नको बोलूस, आपल्याकडे न बोलणारी माणसंच वर चढतात.

हे बघ, मी काही तुला गळा कापायला सांगत नाहीये. परांची कोसळली, तीन कामगार गेले— वाईट झालं, मला काय वाटत नाही? त्यातल्या एकाच्या आईला मी स्वतः पाण्याचा पेला दिला, कचेरीत. पण मुकादमानं तू घेतलेल्या जबाबात काय सांगावं? म्हणे खासदार ब्योन साहेबांचा फोन आला, म्हणून तपासणी न करताच काम चालू केलं. एक वाक्य, पान चारवरचं. ते गेलं तर मेलेले परत येतील? नाही. राहिलं तर येतील? तरी नाही. मग? गेलं तर मी मात्र खुर्चीवर राहतो, स्पष्टच सांगतो तुला. तो नाम, आपल्याच कचेरीतला, माझ्यापेक्षा तीन बॅच धाकटा, थोरल्याचा मान म्हणून माझ्यापुढे मान वळवून प्यायचा, आणि परवा आमचा साहेब होऊन बसला. आता रीतीप्रमाणे थोरल्यांनी मुकाट राजीनामे द्यायचे. सगळ्यांनी दिले. मी नाही देणार! का द्यावा? ब्योन साहेबांनी शब्द टाकला तर कोण हलवतंय मला? त्यासाठीच हे पान.

काय? मुकादम कोठडीत बसूनही अंगठा देत नाही? तयार नाहीच म्हणतो? त्यात काय एवढं— म्हणजे अडचण आहे, मान्य. पान बदललं की जोड जुळत नाही, अर्धा अंगठा या पानावर, अर्धा त्या, म्हणून अख्खा जबाब नव्यानं छापायचा आणि प्रत्येक जोडावर पुन्हा अंगठा घ्यायचा. पण माणूस वाकतो गं. त्याच्या घरी कोण आहे विचार, बस. योम नावाचा म्हातारा ड्रायव्हर होता, एकोणीस वर्षांपूर्वी. न्यायाधीशांच्या मुलानं गाडीखाली बाई चिरडली, आणि हा म्हणे गाडी मी चालवतच नव्हतो. मी फक्त एवढंच विचारलं, तुझी मुलगी नुकतीच नोकरीला लागलीय ना? एवढंच! हात नाही उचलला, आवाज नाही चढवला. आणि सकाळी तो कोठडीत लटकलेला. आता मी काय करायचं होतं, सांग? जबाब नवा छापून तयार, साहेब वर वाट बघतायत, आणि अंगठा द्यायला माणूसच नाही. मग— घेतली शाई, माझ्याच अंगठ्याला. अंगठा तो अंगठा. सतराव्या वर्षी ओळखपत्रासाठी दहाही बोटं देतो आपण, साऱ्या देशाचे ठसे सरकारात पडलेत, पण मेलेल्याचा जबाब जुळवून बघतंय कोण? एकोणीस वर्षांत कुणी नाही. मी बघतो ना दरवर्षी, दफ्तरखान्यात जातो, वहीत सही करतो, फाइल काढतो, ते बदललेलं पान सात आहे का जागेवर— आहे. परत ठेवतो. तेवढ्यानं झोप लागते.

अशी का बघतेस? दरवर्षी तीच एक फाइल, माझीच सही— हं. हो. कुणी ती वही चाळली असती तर— पण ती वही कोण चाळतंय? आण तो लिफाफा इकडे. आण म्हणतो ना!

हे पान चार नाही. हे— सात. योमचं. खाली ठशांचा अहवाल, माझं नाव छापलेलं, लाल रेघ मारलेली. आणि हा राजीनामा. वा. तारीखसुद्धा आजची. नामनं पाठवलं तुला? शाबास. मला वाटलं, मी तुला जेवायला बोलावलं. मग त्या मुकादमाच्या जबाबाचं काय, तेवढं सांग. आता तरी न्याय होणार, खासदाराचं नाव राहणार, असंच ना? त्या आईला काहीतरी— मान का हलवतेस? नवा जबाब गेलासुद्धा? नामच्या सहीनं? म्हणजे ब्योन साहेबांनी शब्द टाकला तो नामसाठी.

पण मुकादम तर तयार नव्हता. आत्ताच म्हणालीस. मग जोडावर— हात दाखव. दुसरा नाही, तो. अंगठा दाखव, प्यो.

ही किमची नाही.

तो जिवंत आहे ना? मी विचारतोय, सकाळी कोठडीत गेली होतीस ना तू, तो मुकादम जिवंत आहे ना? त्याच्या घरी कोण आहे, असं विचारलंस का त्याला? शांतपणे विचारलंस? आवाज न चढवता?

नको, नको सांगूस. सहीचा शिक्का खिशातच असतो माझ्या. हा घे, मारला. घे तुझा कागद. पोस्टिंग मिळेल तुला, राजधानीतलं, हवं होतं ना? मिळेल. आता ऊठ. आणि तिकडे मोरीवर उभी राहून तो अंगठा घासत बसू नकोस, मी एकोणीस वर्षं घासतोय.

बाई! हिचं सार उचला. शिवलंसुद्धा नाही हिनं.