रवळनाथाला थ्रॅश समजावताना

नाही, पण मला एक सांगा, देवाला थ्रॅश मेटल समजावून सांगायची पाळी तुमच्यावर कधी आलीय? नाही ना? मग त्रास म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. वीज जाते, नळाला पाणी येत नाही, जावई रुसून बसतो... हे कसले त्रास? पहाटेची अंघोळ करून ओलेत्यानं रवळनाथासमोर उभं राहायचं, मागे अख्खा गाव, आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "बा देवा म्हाराजा, हेवी मेटल आणि पंक हांच्या संयोगान जें किदें उत्पन्न जालां..." आणि मागून गाव म्हणतोय, "व्हय म्हाराजा!" तुम्हाला सांगतो, याला म्हणतात त्रास.

मी यशवंत. आमच्या गोव्यात, पेडण्यात कोणालाही विचारा, यशवंत कंडक्टर कुठे राहतो, बोट दाखवतील. पत्रादेवी ते डिचोली, सगळं आयुष्य त्या रूटवर गेलं. आता मी निवृत्त आहे, आवाज निवृत्त झालेला नाही. आणि आमच्या घराकडे गाऱ्हाण्याचा मान. म्हणजे गावाला देवाकडे काही विचारायचं असलं की ते देवाला सांगायचं आमच्या घरातल्या माणसानं. भट मूर्तीला उजवीकडे-डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, मी गाऱ्हाणं घालतो, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. झाला कौल. विहीर खणायचीय? विचारा. नाटकात राजा कोण करणार? विचारा. फक्त एक गोष्ट माझ्या आजोबांनी मला सांगून ठेवलीय, की बाबा रे, देवाकडे मोघम चालत नाही. त्यांच्या काळी गावानं विचारलं, "देवा, पूल जावंदे?" उजवी पडली. कुठे ते सांगायचं राहिलं. पूल झाला हो, झाला, शेजारच्या गावात!

आता माझी मुलगी. गौरवी. शिकलेली, म्हापशाला नोकरीला, चांगलं चाललंय. पण तिचा बँड आहे. डिचोलीकडचा एक साईश, तो बेस वाजवतो, मुळगावचा एक निहार, तो ड्रम बडवतो, आणि आमची ही गिटार घेऊन गाते. गाते म्हणजे... काय सांगू तुम्हाला, आमच्या काजूच्या भाटातल्या, म्हणजे बागेतल्या, शेडमध्ये पहिल्यांदा सराव केला तेव्हा आमची लक्ष्मी आल्याचा काढा घेऊन धावली. "गो बाय, घसो बसलो गो तुझो?" ही म्हणते, "आई, घसो बसूंक ना, ताका ग्रोल म्हणतात." लक्ष्मी म्हणाली, "किदेंय म्हणूं, तूं पी." प्यायली बिचारी. प्यायली आणि परत रेड्यासारखी ओरडली.

तर आमच्या जत्रेला, पालखी निघायच्या आधी, दिवेलागणीला गावचं नाटक असतं. यंदा राजाचं काम करणारा रुद्रेश बोटीवर नोकरीला गेला. राजा समुद्रात, नाटक कसं करणार? स्टेज मोकळं. तर गौरवी माझ्यासमोर येऊन उभी. "बाबा, बंगळूरला वाजवलं, पणजीला वाजवलं, आपल्या गावात एकदाही नाही. लहानपणी ज्या स्टेजवर मी कृष्ण झाले, तिथे मला एकदा वाजवायचंय." मी म्हटलं, बघूया. बापानं बघूया म्हटलं की काय समजायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण खरं सांगू? मलाही तिला तिथे बघायचं होतं. कृष्ण झाली होती तेव्हा माझी ड्यूटी होती, मी अस्नोड्याला तिकिटं फाडत होतो. झालं, सांगून टाकलं.

कमिटीत विषय निघाला आणि धाकूमामा उठले. आमच्या गावात धाकूमामा उठले की विषय बसतो. "रॉक? माका खबर आसा रॉक. हांव हरमलाक हिप्प्यांक शहाळीं विकतालों. पांच-पांच तास एकूच ताल, आणि मदींच एकलो रडटा. तें देवळाकडे नाका." मी म्हटलं, मामा, ते जुनं, ही पोरं वेगळं वाजवतात. "वेगळें म्हणजे किदें?" आता काय सांगणार? मला तरी कुठे माहीत! धाकूमामा म्हणाले, "कौल घेवया." म्हणजे चेंडू माझ्याच अंगणात. कारण गाऱ्हाणं घालणार मी, आणि देवाकडे मोघम चालत नाही.

बसलो मग गौरवीसमोर, बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, चहा आणि उंडो पाव घेऊन. म्हटलं, बाय, सुरुवातीपासून सांग. आणि ती सुटली! ब्लूज, रॉक अँड रोल, सायकेडेलिक, हार्ड रॉक, प्रोग्रेसिव्ह... मी म्हटलं थांब, थांब, असं माझ्या डोक्यात जायचं नाही. मला रूट सांग. कुठला स्टॉप कुठल्यानंतर, आणि फाटा कुठे फुटतो. आणि काय सांगू, बसलं की हो डोक्यात! पत्रादेवी म्हणजे ब्लूज, सगळं तिथून सुटतं. पेडणे बाजार, रॉक अँड रोल, ही पन्नासच्या दशकातली गोष्ट, सगळे नाचत चढतात. तिथून एक फाटा हरमलला, साठचं दशक, सायकेडेलिक, ती गाडी गेली ती समुद्रावरच बसली, धाकूमामा तिथेच शहाळी विकत होते. पुढे सत्तरच्या दशकात म्हापसा स्टँड, हार्ड रॉक. आता म्हापशाहून गाड्या कुठेही जातात. प्रोग्रेसिव्ह म्हणजे घाटाची गाडी, वळणावर वळण, पोचायचं कधी ते विचारायचं नाही. पंक म्हणजे मिनी बस. लहान, सुसाट, हात दाखवला की थांबते, तिकीट कोणी मागत नाही. हेवी मेटल म्हणजे मोठी गाडी, मोठं इंजिन. ऐंशीत त्याच गाडीला फुगे आणि माळा लावल्या की ग्लॅम, वऱ्हाडाची बस. हेवी मेटलची गाडी पहिल्या गिअरवर घाट चढायला लागली की डूम. आणि नव्वदचा ग्रंज म्हणजे भर पावसात बंद पडलेली बस, सगळे आत बसलेत, कोणी कोणाशी बोलत नाही.

"आणि तुमचं?" मी विचारलं.

"आमचं थ्रॅश, बाबा. ऐंशीतलंच. इंजिन हेवी मेटलचं आणि ड्रायव्हर पंकचा."

म्हणजे मोठी गाडी आणि मिनी बसचा ड्रायव्हर! अहो, असल्या गाडीवर मी दोन वर्षं ड्यूटी केलीय, मला काय सांगता?

पण कळणं वेगळं आणि देवासमोर बोलणं वेगळं. कौलाच्या दिवशी देऊळ भरलेलं. गौरवी खांबाला टेकून उभी, साईश आणि निहार काळे टीशर्ट उलटे घालून आलेले, पुढे कवट्या होत्या म्हणून. भटांनी पाकळ्या लावल्या. आणि माझी हिंमत गेली. मी म्हटलं, "बा देवा म्हाराजा, आज हीं गावचीं लेकरां तुझ्या पायांकडे आयल्यांत, जात्रेक थोडें गायन-वादन करूंक सोदतात..." व्हय म्हाराजा! "ती सेवा गोड मानून घे..." व्हय म्हाराजा! पाकळी हलेना. ना उजवी, ना डावी. भटांनी पंखा बंद करून बघितला. लावून बघितला. धाकूमामा मागून म्हणाले, "यशवंता, मोघम सांगता रे तूं."

मग मी शहाणपणा केला. म्हटलं, थोडं नरम करून सांगू, देवाचंही मन राहील, पोरीचंही. "बा देवा, सॉफ्ट रॉक वाजयतलीं. हळू, गिटारीर, मधुर..." वाक्य पुरं व्हायच्या आत टपकन डावी!

गौरवी खांबापासून निघाली आणि मुकाट्यानं पायऱ्या उतरायला लागली. चिडली असती तर बरं होतं. धाकूमामा म्हणाले, "जालें. देवान ना म्हटलें." आणि तुम्हाला सांगतो, माझ्या आतला कंडक्टर जागा झाला. मी ओरडलो, "रावा, थांबा! देवानं ना म्हटलंय ते सॉफ्ट रॉकाक! पोरांक न्हय! भटजी, परत लावा पाकळ्यो!"

आणि मग मी खरं सांगितलं. सगळं. पत्रादेवीपासून. गाऱ्हाणं एवढं लांबलं की भटांनी समईत परत तेल घातलं. "बा देवा म्हाराजा, हें थ्रॅश. हें नेटान धांवता. हांतूंत माझी चली गौरवी रेड्यावरी आवाज काडटली, तो राग न्हय, ती पद्धत." व्हय म्हाराजा! "काळे कपडे घालतलीं, तें सुतक न्हय." व्हय म्हाराजा! "हो निहार मुळगावचो, ताच्या घराफाटलो डोंगर मायनिंगच्या खणीन खाल्लो, ताचेर ताणीं गाणें केलां, आणि तें हळू म्हणपासारकें ना, देवा..." आणि इथे गाव व्हय म्हाराजा म्हणायच्या आधी उजवी पडली. अशी पडली की भटांनी हात पुढे करायलाही वेळ नाही!

नंतर मी विचार केला, बरोबरच आहे. पिढ्यान् पिढ्या ज्याच्या कानाशी ढोल, ताशे, झांजा वाजल्या त्याला तुम्ही मधुर गिटार ऐकवायला निघालात?

इथे गोष्ट संपायला हवी होती. तुम्हाला वाटलं संपली? अहो, कौल झाला चतुर्थी सरल्यावर, जत्रा मार्गशीर्षात. जत्रेच्या आठवड्यात मी शेडकडे गेलो तर आतून काय ऐकू येतंय, एकच सूर, लांब, सावकाश... मी म्हटलं, काय बिघडलं? गौरवी म्हणाली, "बाबा, आम्ही थ्रॅश सोडलं. आता आम्ही पोस्ट-रॉक करतो. त्यात गाणारा नसतो." म्हणजे गाडी चाललीय आणि कंडक्टर नाही! माझ्याच घरात! मी म्हटलं, बाय, देवाला काय सांगितलंय मी? "पण बाबा, आम्ही वाढलो ना, म्युझिक बदलतं." बदलू दे, म्हटलं, जत्रेनंतर बदला. गाऱ्हाण्यात थ्रॅश सांगितलंय, थ्रॅशच वाजणार. देवाकडे मोघम चालत नाही!

तर जत्रा. स्टेजवर दिवे, समोर गाव, खाजेवाले, फुगेवाले, भजीवाले. गौरवी गिटार अडकवून पुढे आली आणि मी बघत राहिलो. तेच स्टेज. त्या वेळी मोरपीस होतं म्हणतात, मी काही बघितलं नव्हतं. आता बघत होतो. डोळे पुसले, धूर होता म्हणा हवं तर, पण धूर नव्हता.

आणि निहारनं सुरुवात केली ती... धम्म्... धम्म्... सावकाश. मी उठणार एवढ्यात माझ्या आधी धाकूमामा उठले. काठी टेकत स्टेजपाशी गेले आणि म्हणाले, "ए मुळगावकार! हें थ्रॅश न्हय! हें डूम! पयल्या गिअरार चलता तुजें!" अहो, गाऱ्हाणं सगळ्यांनी ऐकलं होतं ना, अख्ख्या गावाला रूट पाठ! मागून कोणीतरी ओरडलं, "नेट लाय रे!" आणि निहारनं गाडी सोडली. काय सुटली, काय सुटली! खाजेवाल्याचा तराजू आपोआप नाचत होता.

मग गौरवीनं तो आवाज काढला. आणि पुढे बसलेल्या पद्मावतीकाकी उठल्या, पदर खोचला, नारळ घेतला, आणि हात जोडून थेट स्टेजवर. त्यांना वाटलं पोरीच्या अंगात आलं! "गे माये, माझ्या शंभूचें लगीन केन्ना जातलें तें सांग!" आता गौरवी काय करणार? हात गिटारीवर, तोंड माइकला, गाणं मध्यावर. तिनं त्याच आवाजात, त्याच तालात सांगितलं, "जाआआतलें!" होईल म्हटलं ना, काकी नारळ ठेवून समाधानानं खाली उतरल्या. मागे आणखी चार बायका रांगेत.

आणि झालं काय, शिमग्याच्या आधी शंभूचं ठरलं. मग काय विचारता! धाकूमामांनी कमिटीत सांगून टाकलं, "देवान उजवो दिलो, फळ मेळ्ळें, रीत पडली. आतां दर वर्सा जात्रेक थ्रॅश." रीत म्हणजे रीत. पालखी चुकेल, थ्रॅश चुकायचं नाही.

परवा गौरवी परत आली, शेजारी बसली. "बाबा, पोस्ट-रॉकपण सोडलं. आता करतोय ते एकदम नवीन आहे. पुढच्या जत्रेला ते वाजवू? कौल घ्या ना."

मी म्हटलं, घेऊया की. नाव काय त्याचं?

"त्याला अजून नाव नाही, बाबा."

नाव नाही? मग देवाला काय सांगू? देवाकडे मोघम चालत नाही! म्हटलं, बाय, नाव पडलं की ये. ती म्हणते, "नाव पडेपर्यंत ते जुनं होतं, बाबा." असं म्हणाली आणि गेली शेडकडे, आणि थोड्या वेळानं तिकडून थ्रॅश सुरू झालं, बापाला बरं वाटावं म्हणून.

काय करणार? जगाचं रॉक जाऊ दे पुढे, आमच्या गावात ते ऐंशीच्या स्टॉपवर उभं आहे, देवाच्या हुकमानं. मी तक्रार कोणाकडे करू? सकाळी लक्ष्मी रेडिओवर भक्तिगीत लावते, चांगलं असतं, गोड असतं, मी दोन मिनिटं ऐकतो आणि हळूच बंद करतो. मला आता हळू काही ऐकवतच नाही हो.